दाराबाहेरचं ताक

पत्रे उडाले तवाच मी म्हनलं हुतं, आता ह्या जागेवर कुनाची तरी नजर जानार. दार उघडं दिसलं की कुत्रं शिरतंच. पन आमच्या घरात माझं ऐकतो कोन?

वैशाखातली गोष्ट. भर दुपारी वावटळ उठली आन् आमच्या करडवाडीच्या कुस्ती मैदानावरचे निम्मे पत्रे उडून ओढ्याच्या बाभळीत जाऊन अडकले. मैदान म्हंजे चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, वर पत्रा, एका अंगाला दार आन् मधोमध तांबड्या मातीचा हौद. पाथर्डी तालुक्यात असला हौद दुसरा न्हाई, असं आमचे हे म्हनायचे. हे म्हंजे मोहियोद्दीन वस्ताद. गावाचे वस्ताद आन् माझं कपाळ. मला समदा गाव भाबी म्हनतो. बद्रुन्निसा हे नाव रेशनकार्डावर हाय तेवढंच.

लगीन होऊन आले तवापासनं त्या हौदाला मी ताक घातलं. हौदाची माती म्हंजे नुसती माती नसती. तिच्यात ताक जातं, तेल जातं, हळद, लिंबाचा रस, कापूर जातो. वस्ताद रोज सकाळी फावड्यानं आख्खा हौद उकरायचे, ढेकळं बोटांनी फोडायचे, मग मारुतीच्या फोटोला आन् मातीला हात लावून पोरांना उतरवायचे. आमी मुसलमान, पन तालमीतल्या मारुतीपुढची उदबत्ती वस्तादांनी कदी चुकवली न्हाई, आन् गावात कुनाला त्याचं नवल वाटलं न्हाई.

ताक मी घुसळायचं, हळद मी कुटायची, लिंबं मी पिळायची. घागर डोक्यावर घिऊन दारापतूर जायचं आन् उंबऱ्याबाहेर ठिवून माघारी फिरायचं. बाईमानसानं आत पाय टाकायचा न्हाई. टाकला तर माती बाटती म्हनं. माझ्या हातचं ताक चालायचं, माझा पाय चालायचा न्हाई. नवी नवरी असताना मी एकदा इचारलं हुतं, आत कसं असतं वो? हे म्हनाले, ‘तुला काय करायचंय?’ तवापासनं मी पुन्हा इचारलं न्हाई.

एकदा माझी कोंबडी दारातनं आत शिरली तर ह्यांनी फावडं फेकून तिची तंगडी मोडली. मग मी तिचाच रस्सा केला, तर तोबी खाल्ला न्हाई, म्हनं तिच्या नखात हौदाची माती हुती. असला हा मानूस.

तर पत्रे उडाले. लाईट आधीच तोडलेली. मैदानाचा ट्रस्ट हाय, त्याचे अध्यक्ष शामकांत सर. हायस्कुलातनं हेडमास्तर म्हनून रिटायर झालेले. मैदानाची जागा त्यांच्या वडलांनीच दिलेली. मानूस वाईट न्हाई. तेच तर वाईट. वाईट मानसाशी भांडता येतं. सर पत्र्यासाठी आमदारापासनं कारखान्यापतूर हिंडले, चपला झिजवल्या, समद्यांनी चहा पाजला आन् वाटेला लावलं. तालमीत पोरंबी उरली नव्हती. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घिऊन ऊसतोडीला जातं, पोरं आईबापासंगं फडावर जात्यात. माघारी येत्यात तवा कंबर मोडलेली असती. त्यांनी जोर-बैठका कवा काढायच्या?

मग सरांचा पोरगा वरद पुन्यास्नं आला. त्यानं तोडगा काढला. चहूबाजूंनी जाळी लावायची, खाली हिरवं जाजम टाकायचं, मोठे दिवे लावायचे आन् संध्याकाळी मैदान क्रिकेटला भाड्यानं द्यायचं. नगरचा कोन अमृतशेठ हाय, तो समदा खर्च करील, पत्र्यांसाठी आगाऊ डिपॉझिट दील, ट्रस्टला भाडं दील. पाथर्डीची पोरं गाड्या काढून येतील म्हनं. पैसं दिऊन बॉलमागं पळायला लोक येत्यात हे आमाला तवा खरं वाटलं न्हाई.

बैठक मैदानातच झाली. मी ताकाची घागर उंबऱ्याला ठिवली आन् भिंतीआड हुभी राहिले, म्हनून मला समदं ऐकू आलं. वरद बराच येळ बोलला. मग वस्तादांनी एकच इचारलं, हौदाचं काय? वरद म्हनला, सकाळी तुमचा, संध्याकाळी त्यांचा. तेवढ्यावर वस्तादांचं समाधान हुईना. तवा शामकांत सर उठले, ते मला मागनं कळलं. पायऱ्या उतरून आले, चप्पल काढली, धोतर सावरत हौदात उतरले आन् मूठभर माती उचलली.

‘‘वस्ताद,’’ सर म्हनाले, ‘‘मी मातीत उभा आहे. हौदाला हात लागणार नाही.’’

वस्तादांचे डोळे भरले. मला दिसले न्हाईत, पन नाक वढल्याचा आवाज आला, तो मी बरूबर वळखते. रामहरी म्हनून ह्यांचा जुना जोडीदार, आता पिठाची चक्की चालवतो, तो म्हनला, सर, अमृतशेठच्या करारात हे तेवढं लिहून घ्या. झालं, वस्ताद त्याच्यावर भडकले.

‘‘मातीत हुभ्या मानसाचा शब्द कागदावर मागतोस? लाज वाटत न्हाई?’’

आता ही रीत बाहेरच्याला कळायची न्हाई. जत्रंत कुस्ती ठरती ती हातात हात दिऊन, वर चिमूटभर माती टाकून. ना सही ना अंगठा. त्या शब्दावर गडी जीव टाकायचे आन् शब्द कुनी मोडायचं न्हाई. मोडला तर त्याला कुठल्याच हौदात हुभं करत नव्हते. वस्तादांचं आख्खं आयुष्य त्या रीतीत गेलं. त्यांना वाटलं, जग म्हंजे हौदच हाय.

घरी आल्यावर जेवायला वाढताना मी म्हनलं, रामहरीभाऊ बरूबर बोलले, अजून येळ गेली न्हाई, लिहून घ्या. ह्यांनी भाकरी तशीच सारली आन् उठले. अन्नावर राग काढायचा ही आमच्याकडची जुनी खोड. मीबी मग ताट झाकलं न्हाई. मांजरानं खाल्लं.

पावसाळ्यात काम झालं. पत्रे आले, जाळी आली, दिवे आले. आमचा पोरगा रिझवान तवर दुसऱ्याच्या टेम्पोवर कांद्याच्या खेपा मारायचा. अमृतशेठनं त्याला दारावर ठिवला. टीशर्ट दिला, पांढरे बूट दिले, मैनाबंद पगार. घरात मैन्याच्या मैन्याला पगार येतो म्हंजे काय हे मी पैल्यांदा बघितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सून आयेशा पोटुशी हुती, तिला दवाखाना हुता. वस्तादांनी त्या पगाराच्या पिठाची भाकरीबी खाल्ली.

हौद ऱ्हायला, पन कसा ऱ्हायला? त्याच्यावर प्लायवूडच्या जाड फळ्या आन् फळ्यांवर हिरव्या जाजमाची गुंडाळी. संध्याकाळी अंथरायचं, सकाळी काढायचं. हे काम कुनाच्या करारात नव्हतं, म्हनून ते वस्तादांचं झालं. सकाळी बापल्योक दोघं मिळून जाजम गुंडाळायचे, फळ्या वढून भिंतीला लावायचे. रिझवानला रोज जमायचं न्हाई, मग म्हातारा एकटाच वढायचा. ज्या मानसानं भर जत्रंत भलेभले गडी चीत केले, तो लाकडाच्या फळीखाली वाकून कण्हायचा. दारातनं मला त्याची पाठ तेवढी दिसायची. घरी आला की मी विटकर तापवून कमरंला शेक द्यायचे. दुखतंय म्हनायचा न्हाई. नुसता दात खायचा.

मारुतीचा फोटो वरदनं स्टोअररूममदी हलवला. बॉल लागून काच फुटंल म्हनं. उदबत्ती मग बॅटींच्या ढिगापुढं लागायला लागली.

आन् माती बिघडली. तिला वारा लागंना. रातभर फळ्यांखाली कोंडून सकाळी कुबट वास मारायची. वस्ताद जास्ती उकरायचे, मी जास्ती हळद द्यायचे, कापूर द्यायचे, पन बंद डब्यातलं पीठ जाळं धरतं तसं झालं. पोरांच्या मांड्यांवर, मानंवर गजकर्ण उठलं. तालमीतल्या कानिफनाथची आई माझ्यासमोर नळावर बोलली, भाबी, तुमच्या वस्तादाला सांगा, माझ्या कानिफनाथचं अंग पाक सडवलं त्येनं. मी म्हनलं, माती झाकून मारली कुनी ते इचार की. ती म्हनली, ते मला म्हाईत न्हाई, पोरगं तर तुमच्याच हौदात लोळत हुतं. हंडा भरून गेली. दिवाळीनंतर निम्मी पोरं फडावर गेली, उरलेली संध्याकाळी क्रिकेटच्या जाळीला नाक लावून हुभी राहायची. सकाळी हौद उकरायला वस्ताद, आन् लढायला कुनीच न्हाई. तरी उकरायचे.

ताक मी बंद केलं न्हाई. दूध महागलं हुतं, घरात सून अवघडलेली, तिला दोन घोट जास्ती मिळाले असते. पन घागर उंबऱ्याला दिसली न्हाई तर ह्यांचा जीव बसंल, हे मला कळत हुतं. ती माझीच चूक.

मग फळी मोडली. नगरकडनं आलेला एक जाडजूड गडी पळत आला आन् मांडीपतूर हौदात गेला. घोटा मुरगळला, नडगीची सालटी निघाली. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. गडी मातीत रुतलेला, बॅट हातात, आन् बोंबलतोय. समदे पोट धरधरून हसले. रिझवाननं घरात दाखवला तर आयेशाबी हसली, मीबी हसले. वस्तादांनी बघितला आन् म्हनाले, पाय ढिला सोडला असता तर लागलं नसतं त्याला. तेवढंच.

अमृतशेठ मातर हसला न्हाई. तो गाडी घिऊन आला आन् सरांना सरळ बोलला, हौद काढा, तिथं काँक्रीट टाका, न्हाईतर मी माझं सामान काढतो आन् तुमी माझं डिपॉझिट परत करा. डिपॉझिट पत्र्यात गेलेलं. करार सरांच्या सहीचा. करारात मैदान म्हंजे समदं मैदान, हौदाचं नावसुद्दा न्हाई.

दुसऱ्या दिवशी सर आमच्या घरी आले. संगं दमयंतीबाई, सरांच्या मंडळी. इतक्या वर्सात सरांनी आमच्या घराची पायरी चढली नव्हती. ईदला शिरखुर्मा मी त्यांच्याकडं पोचवायचे आन् दमयंतीबाई डबा धुवून, साखर घालून परत करायच्या. मी पलंगावरची चादर झटकली. सर बसले न्हाईत. त्यांनी खिशातनं रुमालाची पुरचुंडी काढली. आत हौदाची माती.

‘‘वस्ताद, ही त्या दिवशीची माती आहे,’’ सर म्हनाले. ‘‘मी देवघरात ठेवली होती. मला पुढं रस्ता राहिला नाही. ही परत घ्या आणि मला शब्दातून मोकळं करा.’’

त्यांच्या डोळ्यांतनं पानी चाललेलं, आन् ते खोटं नव्हतं. मी वस्तादांकडं बघितलं. मनात म्हनलं, न्हाई म्हना. आयुष्यात एकदा न्हाई म्हना. मातीत दिलेला शब्द ज्यानं घेतला त्यानं परत दिला तरच सुटतो, ही त्यांचीच रीत. ह्यांनी हात माघारी घेतला असता तर सर आडकले असते. सरांसारखा मानूस शब्द मोडून गावात हिंडला नसता. वरदला सांगून, घरचं काय तरी इकून, पन डिपॉझिट परत केलं असतं. मला आजबी तसंच वाटतं.

वस्तादांनी पदर पसरावा तसा सदऱ्याचा घोळ पुढं केला. ‘‘द्या,’’ म्हनाले.

माझ्यानं राहवलं न्हाई. मी पुढं झाले. ‘‘सर, तुमी अमृतशेठकडं जा की. त्याला म्हना, मला शब्दातून मोकळं कर.’’

दमयंतीबाई हळूच बोलल्या, ‘‘भाबी, त्याच्याशी कागद झालाय हो.’’

‘‘म्हंजे कागद मोडत न्हाई, मातीच मोडती,’’ मी म्हनलं.

वस्तादांनी मला गप केलं. पावन्यांसमोर असं बोलायचं नसतं म्हनाले. मग सरांना म्हनाले, हौदाला परक्याचा हात नको, आमीच काढतो. सरांनी त्यांचे पाय धरायला वाकावं आन् ह्यांनी त्यांना वरच्या वर उचलावं, असला तमाशा माझ्या अंगनात झाला. दोघंबी दिलदार. जाताना दमयंतीबाईंनी सुनेच्या हातावर खारका ठिवल्या. मी चहा टाकला हुता, तो तसाच उकळून आटला.

हौद काढायला वस्ताद, रामहरी आन् भिमाजी उतरले. भिमाजी ह्यांच्याच तालमीतला, आता ऊसतोडीचा मुकादम, तो फडावरनं मुद्दाम सुट्टी काढून आला हुता. तिघंबी उघडे, अनवानी. फावडी, घमेली. ट्रॅक्टर रिझवानकडं. तो ट्रॉली दाराशी लावून आत गेला आन् ध्यान न ऱ्हाऊन पांढऱ्या बुटासकट हौदात उतरला. तिघांचीबी फावडी थांबली. रिझवान बाहेर आला, बूट काढले, मोजे काढले, पुन्हा उतरला. हे मला भिमाजीनं मागनं सांगितलं, मला दारातनं घमेली तेवढी येताना दिसायची.

माती लई निघाली. वर तांबडी, खाली काळपट, आन् अगदी तळाला तेलानं चोपडी झालेली, लोन्यासारखी. ती ह्यांच्या वस्तादाच्या वस्तादाच्या टायमाची. ट्रॉली भरली की रिझवान न्यायचा आन् आमच्या परसात रिकामी करायचा. सर म्हनाले हुते ओढ्यात टाका. वस्ताद म्हनाले, माझ्या दारात टाका.

ऊन चढलं तसं मी ताक केलं. सवयीनंच. हळद टाकली, मग ध्यानात आलं की आता मातीला न्हाई, मानसांना प्यायचंय. ते ताक सांडलं आन् दुसरं केलं. घागर घिऊन दारात गेले. आत आता हौद न्हाईच, खड्डा हाय. उकरलेल्या खड्ड्यात बाटायचं काय उरलं, म्हनून मी उंबऱ्यावर पाय ठिवला. वस्तादांनी आतनं बघितलं. धापा टाकत, माती माखलेले, खड्ड्यातनं वर आले, दारापतूर आले आन् माझ्या हातातनं घागर घेतली.

‘‘तू बाहेर थांब,’’ म्हनाले.

मी थांबले. त्या दिवशीबी मी थांबले, ह्याचा मला स्वतःचाच राग येतो.

काँक्रीट झालं, वर हिरवं जाजम चिकटवलं आन् सव्वीस जानेवारीला उद्‌घाटन ठेवलं. वस्तादांचा सत्कार करायचा असं ट्रस्टनं ठरवलं. शाल, नारळ, फेटा. रिझवान म्हनला, अब्बा, नका जाऊ. वस्ताद म्हनाले, सरांनी बोलावलंय, गेलं पायजे. मी ह्यांचा पांढरा सदरा नीळ घालून धुतला. आयेशाला चालवत नव्हतं, ती घरी राहिली. मी ह्यांच्यामागं निघाले. दारापतूर जायचं आन् भिंतीआड हुभं राहायचं, दुसरं मला म्हाईत न्हाई.

दारावर नवा बोर्ड. आधी तिथं वस्तादांनी गेरूनं लिहिलेलं हुतं, चप्पल बाहेर काढा. आता छापील बोर्ड हुता, बुटाशिवाय आत येऊ नये. तिथं रिझवान हुभा, टीशर्ट घालून. ह्यांनी दाराशी चप्पल काढली, वाकून उंबऱ्याला हात लावला आन् आत पाय टाकला. मागनं अमृतशेठचा मानूस वरडला, ए बाबा, अनवानी न्हाई चालत. रिझवान पुढं आला. पोराचं तोंड एवढंसं झालेलं.

‘‘अब्बा,’’ तो म्हनला, ‘‘बूट लागत्यात आत. माझे घाला.’’

आन् तो वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठिवून त्याला थांबवलं. हौदाच्या जागंवर पायतान घालून हा मानूस जाईल? ते माघारी फिरले, चप्पल उचलून हातात घेतली आन् भिंतीला टेकून हुभे राहिले. बरूबर माझ्या जागंवर. माईकवर नाव पुकारलं, वस्ताद मोहियोद्दीन यांनी मंचावर यावं. दोनदा पुकारलं, मग दुसऱ्याचं नाव घेतलं.

तेवढ्यात वरदची बायको प्रणिता बाहेर आली. पुन्याची पोरगी, मनानं मोकळी. मला बघून तिनं हातच धरला. म्हनली, काकू, बाहेर का? आज बचतगटाच्या बायकांची मॅच ठेवलीय, आता इथं बायकांना बंदी नाही. मी न्हाई न्हाई म्हनते, तर तिनं स्वतःच्या पिशवीतले जादा बूट काढून माझ्या पायात चढवले. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत हुते.

मी आत गेले.

मधोमध गेले. गावच्या बायका खिदळत हुत्या, कुनी बॅट उलटी धरलेली. मी पायाखाली बघत राहिले. हौद कुठनं कुठपतूर हुता ते मला कसं कळावं, मी कदी बघितलाच नव्हता. माझं ताक, माझी हळद, हाताची सालटी निघंपतूर पिळलेली लिंबं कुठं गेली, ते दाखवायलासुद्दा तिथं कायबी नव्हतं. बूट ढिले हुते, टाच वर-खाली हुत हुती. प्रणितानं फोटो काढला. मी तशीच बाहेर आले, बूट काढून दिले, तर ह्यांची जागा रिकामी.

घरी आले. वस्ताद परसात मातीच्या ढिगाजवळ बसलेले. चप्पल अजून हातातच. मी पाय धुतले, पानी दिलं. प्याले न्हाईत. मग म्हनाले.

‘‘आत कसं हाय गं?’’

माझ्या जिभंवर आलं हुतं. एवढी वर्सं जपून ठिवलेलं उत्तर, तुमाला काय करायचंय. ते तोंडातनं काढायला मला कुनाची भीती नव्हती. पन त्यांनी मान वर करून बघितलं, आन् ते खरंच इचारत हुते.

‘‘कायबी न्हाई,’’ मी म्हनलं. ‘‘नुसतं हिरवं हाय.’’

त्यांनी मान हलवली. ढिगावर माझ्या कोंबड्या चढून उकरत हुत्या, माती इकडंतिकडं उडवत हुत्या. हे बघत बसले. हाकललं न्हाई.